कणकण, दात आणि मेडिकलची पिशवी

मुंबईत परळ असो की बोरिवली, कुठल्याही मेडिकलच्या काउंटरवर ‘सात महिन्यांचं बाळ आहे, दोन-तीन दिवस अंग कोमट लागतंय, बहुतेक दात येतायत’ एवढं सांगितलं की पाच मिनिटांत पिशवी भरून हातात येते. पॅरासिटामॉलचे ड्रॉप्स, हिरड्यांना लावायचं जेल, दातांच्या गोड गोळ्यांची बाटली, कपाळाला चिकटवायची थंड पट्टी, वर एखादा रंगीत टीदर, म्हणजे बाळाने चावायचं कडं. या पिशवीतल्या एकेका वस्तूचं हे परीक्षण. सगळ्यात आधी घ्यायला हवी ती वस्तू मात्र बहुधा तिच्यात नसतेच, ती म्हणजे साधा थर्मामीटर.

आधी दातांचं बोलू. पहिला दात बहुतेक बाळांना सहाव्या महिन्याच्या आसपास येतो. चौथ्या महिन्यात आला किंवा वर्षाच्या वाढदिवसापर्यंत नाही आला तरी घाबरण्यासारखं काही नसतं. सहसा खालचे मधले दोन आधी, मग वरचे, असं करत अडीच-तीन वर्षांपर्यंत दुधाचे २० दात पूर्ण होतात. म्हणजे दोन वर्षं घरात कुठला ना कुठला दात ‘येत’च असतो, आणि त्या काळातला प्रत्येक ताप दाताच्या नावावर खपून जातो. घोटाळा होतो तो इथेच. २०१६ साली ‘पीडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात आधीच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा छापून आला. दात येताना सर्वांत जास्त दिसलेल्या गोष्टी होत्या हिरड्यांची चुरचुर, किरकिर आणि लाळ. अंगाचं तापमान थोडं वाढतं, पण ताप म्हणावा इतकं नाही. दुसरीकडे, सहाव्या महिन्यानंतर आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरत असते आणि बाळ हाताला लागेल ते तोंडात घालत असतं. दात आणि संसर्ग एकाच वेळी दारात उभे असतात, म्हणून एकाचं खापर दुसऱ्यावर फुटतं.

थर्मामीटर

दोनशे-तीनशे रुपयांचा, काखेत लावायचा डिजिटल थर्मामीटर. घरात बाळ असेल तर या यादीतली पहिली खरेदी हीच. लवचिक टोकाचा मिळाला तर उत्तम, कारण बाळ हात झटकतं तेव्हा कडक टोक टोचतं. विकत घेताना दुकानातच चालू करून बघा. आकडा ठळक दिसतो का, बॅटरीचं झाकण घरी उघडता येईल असं आहे का, फॅरनहाइट-सेल्सिअस बदलता येतं का. बॅटरी बटणाएवढी असते आणि बाळाने गिळली तर फार मोठी इजा करते, त्यामुळे झाकण सैल असलेला थर्मामीटर परत करा.

लावायची पद्धत चुकली तर महागडा थर्मामीटरही खोटं बोलतो. काख कोरडी पुसून घ्या. आपल्याकडे तेल-मालीश, मग अंघोळ, मग शेक आणि धुरी असा क्रम असतो. त्यानंतर लगेच मोजलेला आकडा काही कामाचा नाही, किमान २० मिनिटं थांबा. दूध पिऊन किंवा रडून झाल्यावरही तेच. थर्मामीटरचं टोक काखेच्या अगदी खोल खड्ड्यात, कातडीला चारी बाजूंनी टेकलेलं हवं. झबल्याचा काठ मध्ये आला की आकडा घसरतो. बाळाचा हात छातीशी दाबून धरा. ‘बीप’ वाजला म्हणजे काम झालं असं बऱ्याच थर्मामीटरांत नसतं. काखेसाठी आणखी थांबा अशी सूचना आतल्या कागदावर बारीक अक्षरात असते आणि तो कागद खोक्याबरोबर फेकला जातो. बीपनंतरही आकडा हळूहळू चढत असेल तर तो स्थिर होईपर्यंत धरून ठेवा.

ताप म्हणजे गुदद्वारात मोजलेलं १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस, किंवा त्याहून जास्त. काखेतला आकडा त्यापेक्षा साधारण अर्धा ते एक डिग्री कमी येतो. म्हणून घराघरांत ‘एक मिळवायचा’ हा हिशेब चालतो. मिळवायला हरकत नाही, पण डॉक्टरांना सांगताना मिळवलेला आकडा सांगू नका. ‘काखेत ९९.८’ असं सांगा. नाहीतर आई एक मिळवते, आजी आणखी एक मिळवते आणि ९९.४ चा १०१.४ होतो.

काखेत ९९ च्या वर आकडा दिसला की औषधाआधी कपड्यांकडे बघा. मे महिन्यातली दुपार, बंद खिडकी, अंगात झबलं, डोक्याला टोपडं, वरून दुपटं घट्ट गुंडाळलेलं. अशा बाळाचं अंग गरम लागणारच. टोपडं काढा, दुपटं सोडा, पंखा मंद लावा आणि अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. आकडा खाली आला तर तो ताप नव्हता.

कपाळासमोर धरायची इन्फ्रारेड ‘बंदूक’ दिसायला छान, झोपलेल्या बाळाला उठवत नाही, पण एकट्या तिच्यावर विसंबू नये. एसीच्या खोलीत कपाळ गार पडतं, उन्हातून आल्यावर तापतं, घाम असेल तर आकडा कमी दाखवते. कितीतरी मॉडेलांत शरीर आणि वस्तू असे दोन मोड असतात. चुकून वस्तूचा मोड लागला की बाळाला ताप असूनही ९५-९६ दिसतं. ती चाळणी म्हणून वापरा आणि शंका आली की काखेत लावून खात्री करा. कानात धरायचा थर्मामीटर सहा महिन्यांच्या आत नको, कानाची वाट फार अरुंद असते. पाऱ्याचा काचेचा थर्मामीटर अजून काही घरांत असतो. फुटला तर काच आणि पारा दोन्ही धोक्याचे, बाळाच्या घरात तो नको.

पॅरासिटामॉलचे ड्रॉप्स

पिशवीतली सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात जास्त चुकीची वापरली जाणारी वस्तू. औषधात दोष नाही. घोटाळा आहे तो तीव्रतेचा. एकाच ब्रँडच्या नावाने तीन वेगळ्या बाटल्या मिळतात. ड्रॉप्समध्ये १ मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम, साध्या सिरपमध्ये ५ मिलिलिटरला १२० मिलिग्रॅम आणि मोठ्या मुलांच्या सिरपमध्ये ५ मिलिलिटरला २५० मिलिग्रॅम.

डोस वजनावर ठरतो, वयावर नाही. एका वेळी दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. ८ किलोच्या बाळाला म्हणजे ८० ते १२० मिलिग्रॅम. ड्रॉप्समधून हे झालं ०.८ ते १.२ मिलिलिटर, १२० च्या सिरपमधून जास्तीत जास्त ५ मिलिलिटर, २५० च्या सिरपमधून जास्तीत जास्त २.४ मिलिलिटर. आता कुणी सिरप संपलं म्हणून ड्रॉप्स आणले आणि सवयीने पाच मिलिलिटर दिले तर पोटात ५०० मिलिग्रॅम गेलं, चौपटीहून जास्त. हे थेट यकृतावर जातं. उलट चूकही होते. ड्रॉप्सच्या सवयीने सिरप १ मिलिलिटर दिलं तर जेमतेम २४ मिलिग्रॅम जातं, ताप उतरत नाही, आणि ‘या औषधाने काही होत नाही’ म्हणून दुसरं औषध सुरू होतं.

म्हणून बाटली घरी आली की लेबलवर जाड पेनने बाळाचं वजन, डॉक्टरांनी सांगितलेला डोस मिलिलिटरमध्ये आणि तारीख लिहा. वजन दर महिन्याला बदलतं, डोसही बदलून घ्या. स्वयंपाकघरातला चमचा नको, प्रत्येक घरचा वेगळा असतो. मेडिकलमधून सुईशिवायची सिरिंज मागून घ्या. ड्रॉपरपेक्षा तिच्यावरच्या खुणा जास्त स्पष्ट असतात आणि बोटाचा दाब आपल्या हातात राहतो. बाळाला अर्धवट बसतं धरून सिरिंजचं टोक गालाच्या आतल्या बाजूला ठेवा आणि थोडं थोडं सोडा. थेट घशाकडे मारलं की ठसका लागतो.

दोन डोसांत किमान चार तास, शक्यतो सहा. २४ तासांत चारपेक्षा जास्त डोस नाहीत. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला डॉक्टरांनी बघितल्याशिवाय एक थेंबही नाही, कारण त्या वयात १००.४ म्हणजे त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना. आणि ९९.५ ला, बाळ हसतंय-खेळतंय तर औषधाची गरजच नसते. आकडा उतरवण्यासाठी नाही, बाळाचा त्रास कमी करण्यासाठी हे औषध आहे. ‘दात येतायत’ म्हणून दर सहा तासांनी चार दिवस देत राहिलं की खरा ताप किती होता, कधी चढत होता, हे कुणालाच सांगता येत नाही.

ड्रॉप्सऐवजी काउंटरवरून दुसरं काही पुढे केलं तर सावध. आयब्युप्रोफेन सहा महिन्यांच्या आत देत नाहीत, आणि पावसाळ्यात डेंग्यूची शंका असताना कुठल्याच वयात नको, रक्तस्रावाचा धोका वाढतो. मेफेनॅमिक ॲसिडचं सिरप मुंबईत सर्रास दिलं जातं. त्याच्या एका गंभीर ॲलर्जीबद्दल भारतीय फार्माकोपिया आयोगाने २०२३ मध्ये सावधगिरीची सूचना काढली आहे आणि डेंग्यूचा मुद्दा त्यालाही लागू आहे. निमेसुलाइड १२ वर्षांखालच्या मुलांसाठी भारतात २०११ पासून बंद आहे. सर्दी-तापाचं एकत्र सिरप, ज्यात क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन असतं, ते चार वर्षांखाली देऊ नये असं लेबलवर छापायचे आदेश २०२३ मध्येच निघाले. घरात जुनी बाटली असेल तर मागची अक्षरं वाचा.

हिरड्यांचं जेल

नको. बाकीच्या वस्तूंबद्दल पण-परंतु आहे, इथे नाही. ट्यूबवर लिडोकेन (काही ट्यूबांवर लिग्नोकेन लिहिलेलं असतं), बेंझोकेन किंवा कोलीन सॅलिसिलेट यातलं नाव दिसलं की ती ट्यूब मोठ्यांच्या तोंड येण्यासाठी आहे, बाळासाठी नाही. लिडोकेन लाळेबरोबर घशात जातं, घसा बधिर होतो, गिळताना ठसका लागतो. जास्त गेलं तर झटके येऊ शकतात आणि हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये त्यावर कडक इशारा छापायला लावला. बेंझोकेनमुळे रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद कमी होते, बाळ निळसर पडतं. २०१८ मध्ये त्याच प्रशासनाने दोन वर्षांखालच्या मुलांसाठी ही उत्पादनं विकणं थांबवायला सांगितलं. सॅलिसिलेट हे ॲस्पिरिनच्या कुळातलं, म्हणून तेही बाळाला नको. आणि एवढा धोका पत्करून मिळतं काय? लाळ इतकी गळत असते की जेल काही मिनिटांत धुऊन जातं.

घरगुती जेलही तितकंच वाईट आहे. टाकणखाराची लाही मधात कालवून हिरड्यांना चोळायची पद्धत अजून चालते. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. तान्ह्या बाळांना तो विषारी आहे, त्याने झटके आल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. मध वर्षाच्या आत कुठल्याच रूपात नको, गुटीबरोबरही नाही. त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे बोट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो. आजीला हे सांगताना तिचा अनुभव खोटा पाडायची गरज नाही. धुतलेल्या बोटाने हिरडी चोळल्याने बाळ शांत होत होतं, ते खरंच आहे. बोट राहू द्या, टाकणखार सोडा.

दातांच्या गोळ्या

छोट्या पांढऱ्या गोड गोळ्या, होमिओपॅथीच्या. त्यात लॅक्टोज असतं, बाळाला चव आवडते, म्हणून ते दोन मिनिटं गप्प बसतं. दात त्याने लवकर येत नाहीत, ताप उतरत नाही. बेलाडोना ही विषारी वनस्पती असलेल्या अशा गोळ्यांबद्दल अमेरिकेत २०१६-१७ मध्ये इशारा दिला गेला, कारण तपासणीत बेलाडोनाचं प्रमाण गोळीगणिक वेगळं आणि लेबलपेक्षा जास्त सापडलं होतं. आपल्याकडे मिळणाऱ्या बारा क्षारांच्या (बायोकेमिक) पद्धतीच्या गोळ्यांत बेलाडोना नसतो, पण म्हणून त्यांचा उपयोग होतो असं नाही. खरा तोटा वेळेचा आहे. गोळ्या सुरू केल्या की घर आठ दिवस ‘गुण येईल’ म्हणून थांबतं.

त्याच बाटलीवर दातांच्या जुलाबांचाही उल्लेख असतो. दातामुळे जुलाब होत नाहीत, जमिनीवर पडून पुन्हा तोंडात गेलेल्या टीदरमुळे होतात. तिथे ओआरएस आणि झिंक लागतं. ओआरएसची मोठी पुडी पूर्ण १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, छोटी पुडी २०० मिलिलिटरमध्ये. अर्धी पुडी अंदाजाने घालायची नाही, मीठ जास्त झालं तर बाळाला अपाय होतो.

कपाळाची थंड पट्टी

अंगाचा ताप याने उतरत नाही, तेवढा कपाळाचा तुकडा गार होतो. झोपेत घसरून नाका-तोंडावर आली तर धोका. पैसे वाचवा. कोलनवॉटरच्या पट्ट्याही नकोत, त्यातलं अल्कोहोल बाळाच्या कातडीतून आत जातं. बर्फाचं पाणी तर नकोच. बाळ थरथरतं आणि आतला ताप उलट वाढतो. अंग पुसायचंच असेल तर कोमट पाण्याने, औषध दिल्यावर अर्ध्या तासाने, बाळाला ते आवडत असेल तरच.

टीदर

ही वस्तू मात्र खरी कामाची. अखंड एका तुकड्यातला सिलिकॉनचा टीदर घ्या, ज्याला जोड नाही, मणी नाहीत, चिकटवलेले डोळे नाहीत. बाळाच्या मुठीत बसेल असं कडं असावं, पण अख्खं तोंडात जाणार नाही इतकं मोठं. नखाने दाबून बघा, ओढून बघा, वास घ्या. उग्र प्लॅस्टिकचा वास किंवा चिकट स्पर्श असेल तर ठेवून द्या. दादरच्या फुटपाथवर किंवा लोकलमध्ये मिळणाऱ्या बिनखुणेच्या मऊ खेळण्यांत नेमकं काय प्लॅस्टिक आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. खेळणं म्हणून विकल्या जाणाऱ्या टीदरवर ते शोधा.

पाणी भरलेले टीदर टाळा. एखादा दात फुटला की बाळ ते चावून भोक पाडतं आणि आतलं पाणी कधीचं, कुठलं, कोण जाणे. कुठलाही टीदर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात १५-२० मिनिटं ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. दगडासारखा गोठलेला टीदर हिरडीला इजा करतो. सिलिकॉनचा टीदर पाच मिनिटं उकळता येतो, लाकडी नाही. तो पुसून पूर्ण वाळवावा लागतो आणि जुलै-ऑगस्टच्या मुंबईत लाकूड पूर्ण वाळत नाही, बुरशी धरतं. जाळीत फळ घालून चोखायला देतात ते फीडरही पावसाळ्यात नीट धुतले नाहीत तर जाळीच्या शिवणीत काळे ठिपके धरतात. दिसले की फेकून द्या. आणि खरं सांगायचं तर मलमलचा स्वच्छ तुकडा उकळलेल्या पाण्यात भिजवून, पिळून, फ्रीजमध्ये गार केलेला असला तर बाळ तोही तितक्याच आवडीने चावतं. तेवढा वेळ त्याच्याजवळ बसा म्हणजे झालं.

दातांसाठी म्हणून गळ्यात घालायच्या अंबरच्या (पिवळसर राळेच्या मण्यांच्या) माळा नकोत, फास बसण्याचा आणि मणी घशात अडकण्याचा धोका आहे. गाजराचा कच्चा तुकडा, खारी, कडक टोस्ट चावायला देऊ नका. तुकडा मोडतो आणि अडकतो. लाळेरं मात्र सुती आणि भरपूर घ्या. पावसाळ्यात वाळत नाहीत म्हणून आठ-दहा तरी लागतात. ओलं लाळेरं मानेला घासून लाल पुरळ उठते आणि तिलाच पुन्हा ‘दाताचं’ म्हटलं जातं.

दात की ताप, हे घरी कसं बघायचं

हात धुऊन करंगळी खालच्या हिरडीवर पुढच्या बाजूने फिरवा. दात जवळ असेल तर हिरडी फुगलेली, ताणलेली लागते, कधी वर पांढरट रेघ दिसते. कधी निळसर फुगा दिसतो, तो बहुधा दाताबरोबर आपोआप फुटतो, टोचायचा नाही. चोळल्यावर बाळ थांबतं, बोट चावतं, तर हिरडीचा त्रास आहे. चोळूनही रडं तसंच, आडवं केल्यावर वाढतं, आधी सर्दी होऊन गेली आहे आणि एकच कान ओढतंय, तर कान दाखवा. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची लस झाली असेल तर साधारण सहा ते बारा दिवसांनी ताप येऊ शकतो, तोवर लस विसरलेली असते आणि दाताचं नाव पुढे येतं. लसीचं कार्ड बघा.

दिवसातून चार वेळा, ठरलेल्या वेळी काखेतला आकडा लिहा: वेळ, आकडा, औषध दिलं का, दूध किती, लघवीने ओले लंगोट किती. ताप तीन दिवसांच्या पुढे गेला तर आकडा १०० असो की १०२, दाखवायचंच. सुस्ती, दूध सोडणं, सहा-आठ तास लघवी नाही, टाळू फुगलेली किंवा खोल गेलेली, अंगावर पुरळ, झटका, किंवा वर्षाच्या आतल्या बाळाचा श्वास शांत झोपेत मिनिटाला ५० किंवा त्याहून जास्त, यातलं एक जरी असेल तर तिसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

लघवीची तपासणी

मुरलेल्या, सौम्य तापाचं बाळात सगळ्यात जास्त निसटणारं कारण म्हणजे लघवीचा संसर्ग. खोकला नाही, सर्दी नाही, नुसती कणकण आणि चिडचिड. तपासणी स्वस्त आहे, नमुना घेणं कठीण आहे. घरी येणारा कलेक्शनवाला बहुतेक चिकटपट्टीची पिशवी लावून जातो. साध्या तपासणीत ती चालून जाईल, कल्चरसाठी, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघायच्या तपासणीसाठी, नाही. कातडीवरचे जंतू मिसळतात, खोटा संसर्ग दिसतो आणि बाळाला फुकट अँटिबायोटिक मिळतं. कल्चर हवं असेल तर जागा नुसत्या पाण्याने धुऊन, कोरडी करून, दूध पाजल्यावर निर्जंतुक डबी धरून थांबा. गार पाण्यात भिजवलेला गॉझ ओटीपोटावर गोल गोल फिरवला तर बऱ्याच बाळांना लवकर लघवी होते. पहिला थेंब सोडून मधली धार पकडा. डबी तासाभरात लॅबमध्ये पोचायला हवी, नाहीतर फ्रीजमध्ये. अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी नमुना द्या. नंतर दिलेल्या कल्चरमध्ये काही उगवलं नाही तर त्याचा अर्थ लागत नाही.

जून ते ऑक्टोबर या काळात मलेरियाची रक्ततपासणी आणि डेंग्यूची चाचणीही डॉक्टर सांगतील. मलेरियाची तपासणी महापालिकेच्या दवाखान्यात विनामूल्य होते, ‘आपला दवाखाना’ जवळ असेल तर तिथेही विचारा. घरात कुणाला टीबी आहे किंवा होऊन गेला आहे आणि बाळाची कणकण दोन आठवडे टिकली आहे, तर ते न विचारताही सांगा. रात्री-बेरात्री बाळ सुस्त पडलं तर परळचं वाडिया, केईएम, सायन, नायर, कूपर या हॉस्पिटलांची दारं उघडी असतात.

जाताना मेडिकलच्या पिशवीतल्या सगळ्या बाटल्या आणि ट्यूब सोबत न्या, रिकाम्या असल्या तरी. ‘एक लाल औषध दिलं होतं’ यावरून डॉक्टरांना डोस काढता येत नाही, लेबलवरून येतो.